तेलवाल्या जावयाची विहीर

पहिलं स्थळ माझंच होतं. हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते कुणी कधी बोलत नसे, आणि न बोलल्यामुळेच ते मला जास्त टोचायचं.

तो नागपूरला भूगर्भशास्त्र शिकत होता. मोर्शीला आमच्या घरी मला पाहायला आला, तेव्हा मी चहा घेऊन बाहेर गेले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ओसरीच्या पायरीकडे. खिशातून भिंग काढलं, वाकला आणि पायरीच्या काळ्या दगडातली एक पांढरी रेघ निरखत बसला. मुलीनं आपणहून काही विचारायचं नसतं, पण मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काय हाय त्यात?" तो मान वर न करताच म्हणाला, "ही एकेकाळी भेग होती. पाण्यानं थोडं थोडं आणून भरून टाकली."

पाहुणे गेल्यावर बाबा भडकले. "पोरगी पाहाले आला होता का दगड? उद्या हा दगडं फोडून काय खाऊ घालनार?" स्थळ परत गेलं. त्याच उन्हाळ्यात मला अकोल्याला दिलं. नवरा जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस. माणूस सरळ, हसरा, पण बोलणं सगळं कपाशीचं. रुई, सरकी, गाठी आणि भाव. रविवारी जेवताना सुद्धा त्यांच्या मिशीत कापसाचा तंतू असायचा.

मी सुखी नव्हते असं नाही. सुख होतंच. पण दोन-तीन वर्षांनी गुजरातेत जमिनीतून तेल निघालं, वर्तमानपत्रं त्या बातमीनं भरून गेली, आणि तो दगडवाला तिथं मोठ्या नोकरीवर लागल्याचं कळलं. तेच मध्यस्थ पुन्हा आमच्या ओसरीवर आले, या वेळी माझ्या धाकट्या बहिणीसाठी. बाबांनी चहा निवायच्या आत होकार दिला. तेव्हा तो नुसता दगड होता, आता दगडाला तेल फुटलं होतं. लग्नात मी वरमाईसारखी मिरवले आणि आतून तव्यावरच्या लाहीसारखी फुटत होते.

त्यानंतर बहीण माहेरी आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या नायलॉनच्या साड्या, तिचा थर्मास, तिचे ते तंबूतले किस्से. जीपमधून हिंडते म्हणे. पण मी खरं सांगू? साड्यांचं मला फार नव्हतं. माझं दुःख वेगळं होतं. तो दगडांचं बोलायला लागला की ही जांभया द्यायची. तिला मिळालं होतं आणि तिला नको होतं. असं पाहिलं की जीव जळतो.

मला एकच हवं होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, "पोरी, तुझं ते स्थळ परत पाठवलं ते चुकलं." बास. त्यानं काही बदलणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा महिना. त्यात आमच्याकडे दोन जावई, म्हणजे आईचा चुलीपुढून हालायचा प्रश्नच नाही. अकोल्याहून आम्ही आलो, गुजरातेतून ते दोघं आले. ऊन असं, की दुपारी अंगणात कुत्रंही फिरकत नव्हतं. त्याच उन्हात बाबांच्या मळ्यातली संत्र्याची झाडं पानं गुंडाळून उभी होती. चार वर्षं लेकरांसारखी वाढवलेली ती झाडं. पुढच्या वर्षी पहिला बहार धरायचा होता. पण विहिरीनं तळ गाठला होता. सकाळी मोट चार-दोनदा वर यायची आणि मग नुसता चिखल. पाऊस यायला महिना तरी होता. तेवढे दिवस झाडं टिकणार नव्हती.

विहिरीत सुरुंग लावून नवा झरा उघडायचा, असं बाबांनी ठरवलं होतं. सुरुंग लावणारे वडार येऊन बसले होते. प्रश्न एवढाच, की कोणत्या बाजूला लावायचा. दारू एका बाजूलाच पुरेल एवढी होती, आणि विहिरीच्या भिंती चारही बाजूंनी काळ्याकुट्ट दगडाच्या.

"आता काहून डोकं खाजवता?" बाबा वडारांना म्हणाले. "आमचे लहाने जावई जमिनीच्या पोटातलं तेल काढतात. त्यायले पानी दिसनार नाही का?"

आमचे हे शेजारीच बसले होते. त्यांना या बोलण्याचं काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं. मोठा जावई समोर असताना असं कुणी बोलतं का? मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे सुपारी कातरत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओसरीवर सगळे बसले. लहाने जावई, म्हणजे तो, एक दगड घेऊन आला. गोल, गुळगुळीत, मुसळाच्या तुकड्यासारखा. जमिनीत खूप खोल पोकळ नळी फिरवून असा दांडाच्या दांडा वर काढतात, त्याचा हा टाकून दिलेला तुकडा. नाकाजवळ नेला तर रॉकेलचा वास येत होता. बाबांनी हुंगला, आईनं हुंगला, ह्यांनी हुंगून "हां" म्हटलं आणि परत दिला. माझ्या हातात आला तो मी सोडलाच नाही.

"तेल खाली तळ्यासारखं साचलेलं असतं, असं लोकांना वाटतं," तो म्हणाला. "तसं नसतं. दगडातच असतं. शेंगदाण्यात असतं तसं. काही दगड मोकळे असतात, त्यांच्यातून ते आपोआप वाहतं. पण काही इतके घट्ट, की तेल आहे आणि हलत नाही. अशा दगडाला नशिबानं भेगा पडलेल्या असल्या तर काम होतं. भेग म्हणजे वाट. जितक्या भेगा, तितक्या वाटा."

"वा!" बाबा म्हणाले. बहीण भिंतीला टेकून झोपली होती.

मी विचारलं, "पन भेगेत मावनार किती? भेगेतलं संपल्यावर काय?"

तो ताठ बसला. इतका वेळ सगळ्यांना समजेल असं बोलत होता, आता माझ्याशी बोलायला लागला. "ताई, अगदी बरोबर. तिथंच फसगत होते. पहिल्या दिवशी विहीर अशी उसळते की लोक पेढे वाटतात, आणि दोन महिन्यांनी गप्प. भेगेतलं संपलं, आणि मागचा दगड कंजूष. भेगेला मागून कुणीतरी पुरवठा करणारं लागतं. आणि दुसरं म्हणजे भेग उघडी पाहिजे. पुष्कळ भेगा पांढऱ्या खनिजानं बुजून गेलेल्या असतात. हा तुमच्या हातातलाच बघा."

मी बघितलं. दगडातून आडवी पांढरी रेघ गेली होती. नखानं खरवडली, तर नख आत जाईना.

"म्हणजे ही भेग असून नसल्यासारखी," मी म्हणाले.

"नसल्यापेक्षा वाईट. वाट तर नाहीच, उलट मध्ये भिंत. आणि एखादी उघडी असली तरी ती खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत गेलेली असेल तर तेलाऐवजी पाणीच वर येतं, तेल बिचारं तिथंच राहतं. म्हणून भेगा नुसत्या मोजून भागत नाही. कुठून कुठं जातात आणि आत काय आहे, ते बघावं लागतं."

तीन दिवस असंच चाललं. मी भाकऱ्या थापता थापता प्रश्न विचारायची आणि तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून उत्तरं द्यायचा. आई पुटपुटायची, "जावयाले उंबऱ्यात उभं करतं का कोनी?" माझी बहीण आतल्या खोलीत झोपलेली असायची. माझ्या मनात यायचं, ही उभ्या जन्मात झोपूनच संसार करणार आहे. आणि मला तिची शेज, तिची जीप, तिचा तंबू काहीही नको होतं. हे बोलणं हवं होतं. ते बोलणं माझ्या दारात आलं होतं आणि बाबांनी परत पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे मळ्यात गेलो. आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे लक्ष्मीनारायण. त्याचे पाय धुवायचे, त्याला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, त्याला पाटावरून उठू द्यायचं नाही. असा जावई विहिरीत कसा उतरणार? तो धोतर वर खोचून खाली जायला लागला, तर बाबांनी त्याचा हातच धरला. "जावईबापू, काय करून राहिले तुमी? लोक तोंडात शेन घालतील माह्या!" त्यांनी स्वतः त्याच्या डोक्यावर छत्री धरली. गड्यानं काठावर घोंगडी अंथरली. तो बिचारा घोंगडीवर बसून, छत्रीखालून, खोल विहिरीच्या भिंती बघायला लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

वरून काय दिसणार? पूर्वेच्या भिंतीवर रेघाच रेघा, जाळ्यासारख्या. पश्चिमेला एकच काळपट आडवी रेघ. तो जरा घुटमळला. "खाली जाऊन पाहिलं असतं तर…" म्हणाला. बाबा म्हणाले, "तुमी फक्त बोट दाखवा." शेवटी त्यानं पूर्वेकडे बोट दाखवलं. "भेगा तर इकडंच जास्त दिसतात." वडार दोर आणायला उठले.

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. चुकू दे एकदा, असं मनात आलं. सगळं मोर्शी बघेल बाबांच्या तेलवाल्या जावयाची करामत. मग माझं लक्ष संत्र्यांकडे गेलं. ती झाडं लावली तेव्हा मी माहेरी आले होते, आळ्यांतली माती मीही दाबली होती. त्यांचा काय दोष?

मी नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि भिंतीतल्या दगडांवर पाय देत उतरले. मुलीला विहिरीत उतरायची बंदी नव्हती. मान फक्त जावयाला होता. वरून बाबा ओरडत होते, "काहून उतरून राहिली वं?" मी उतरतच राहिले.

खाली गारवा होता. पूर्वेची भिंत जवळून पाहिली. रेघा पुष्कळ, पण सगळ्या पांढऱ्या. एकेकीत नख घालून पाहिलं. जाईना. हात फिरवला तर भिंत कोरडीठाक. मग पश्चिमेला गेले. ती एकच रेघ, पण तिच्या कडा गंजल्यासारख्या तांबड्या आणि खालच्या अंगाला शेवाळ. एवढ्या ज्येष्ठात शेवाळ! काडी घातली तर अर्धी आत गेली आणि ओली होऊन आली. रेघेच्या वर दगडाचा थर भुसभुशीत होता, मुरमासारखा, बोटानं उकरता येईल असा. म्हणजे वाटही होती आणि मागं कोठारही.

मी वर आले. बाबांना काही न सांगता मी थेट त्याच्यासमोर काडी धरली. म्हणाले, "जावईबापू, पूर्वेच्या साऱ्या बुजलेल्या हायेत. पश्चिमेची उघडी हाय. वरतं मुरूम हाय."

तो काडीकडे पाहत राहिला. मग उठला, छत्री बाजूला सारली, आणि बाबा "अरे अरे" करेपर्यंत चपला काढून, वडारांची हातोडी घेऊन खाली उतरला सुद्धा. बराच वेळ नुसता हातोडीचा ठक ठक आवाज येत होता. वर आला तेव्हा सगळे कपडे चिखलानं माखलेले आणि चेहरा लहान मुलासारखा.

"पश्चिमेला," तो वडारांना म्हणाला. "मी चुकत होतो. ताईंचं बरोबर आहे."

सुरुंग पश्चिमेला लागला. धूर बसल्यावर सगळे वाकून पाहायला लागले. पाणी उसळलं वगैरे काही नाही, नुसतं पाझरत होतं, आणि बाबांचं तोंड पडलं. तो म्हणाला, "हेच चांगलं. उसळलं असतं तर मला काळजी वाटली असती." दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेइतकं पाणी होतं. त्यानं मोट लावून सगळं उपसायला लावलं. बाबांना ते नको होतं, पण जावयाचा शब्द! संध्याकाळपर्यंत पुन्हा गुडघ्याच्या वर भरलं. मग मात्र बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याच पाण्यानं चिंब झालेल्या झाडांमधून हिंडत राहिले, एकेका झाडाला हात लावत.

मी वाट बघत होते.

वाणाच्या दिवशी गावातली मंडळी जेवायला आली. बाबा ओसरीवर उभे राहून सांगत होते, "आमच्या लहान्या जावयानं पाताळातली गंगा वर आनली! मानूस छत्रीखाली बसला नाही, सोता विहिरीत उतरला!" तो संकोचून म्हणाला, "अहो, माझं काही नाही. ताईंनी ओळखली ती भेग. मी तर चुकीची बाजू दाखवली होती." आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते मोठ्यानं हसले आणि गावकऱ्यांकडे वळले. "पाहा! याले म्हनतात संस्कार! येवढा मोठा साहेब, पन मोठेपना घराच्या पोरीले देते! आजकाल कोन करते असं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या विहिरीला लोक पुढं तेलवाल्या जावयाची विहीर म्हणायला लागले, आणि आजही तेच म्हणत असतील.

मी स्वयंपाकघरात गेले. कढईत अनारसे टाकत होते आणि डोळे पुसत होते. ह्यांनी दारातून विचारलं, "काहून रडून राहिली?" मी म्हणाले, "धूर हाय." ते गेले. बिचारा माणूस.

बहीण आत आली. दुसऱ्या दिवशी त्यांची बडनेऱ्याहून गाडी होती, ती फराळाचं बांधायला आली होती. मी तिच्याकडे पाठच केली. तिचं सगळं होतं, आता माझी विहीर सुद्धा तिच्या नवऱ्याची झाली होती. ती डब्यात अनारसे ठेवत होती. एक ठेवला, दोन ठेवले, आणि थांबली.

"ताई," ती म्हणाली, "तू हे इतके प्रश्न कुठून काढते?"

"डोस्क्यातून," मी म्हणाले. "तू झोपली नाही तर तुलेही सुचतील."

"मी झोपत नाही."

मी वळून पाहिलं.

"डोये मिटून पडते. मले काहीच समजत नाही, हे त्यायले दिसू नये म्हनून." ती डब्याकडे पाहूनच बोलत होती. "माह्याशी बोलतात ते इतकंच. मीठ कमी हाय, गाडी कधी हाय, पान्याचा माठ भरला का. इतक्या दिवसांत त्यायचं तोंड असं उजयलेलं मी पाह्यलंच नव्हतं. या चार दिवसांत पाह्यलं, स्वयंपाकघराच्या दारात. तुह्याशी बोलताना." मग ती हळूच म्हणाली, "मले तुहा लय राग आला, ताई. आतापर्यंत कधी नव्हता आला. पहिलं स्थळ तुहं होतं, मले माहीत हाय."

इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते, आणि ती त्या चार दिवसांत माझ्यावर जळत होती. मला तिची दया यायला हवी होती. आधी मात्र छातीत काहीतरी गोड सळसळलं, आनंदच तो. दया नंतर आली, जेव्हा ती डब्याचं झाकण उलटं लावत होती आणि ते बसत नव्हतं.

मी तिच्या हातातून झाकण घेतलं, नीट लावलं. "समजत नाही तर तसंच सांग त्यायले," मी म्हणाले. "समजत नाही म्हनशील तर तो जास्तच सांगेल. तसाच हाय तो." हे मला कसं ठाऊक, असं तिनं विचारलं नाही.

जवळजवळ तीन वर्षांनी पुढचा धोंड्याचा महिना आला, तेव्हा बाबांचं बोलावणं आलं. दोन्ही जावई, दोन्ही लेकी. संत्र्याची झाडं फळाला आली होती. मी ह्यांना म्हणाले, तुम्ही जा, माझी कंबर धरली आहे. कंबर चांगली ठणठणीत होती.

हे चार दिवसांनी परतले. हातात संत्र्याची टोपली, वाणाचं ताट, आणि मिशीत कापूस नव्हता म्हणून चेहरा अनोळखी वाटत होता. पाय धुऊन खाटेवर बसले आणि माहेरची सगळी खबर सांगायला लागले. आईचा गुडघा, नवा गोऱ्हा, मोर्शीतला भाव.

"लहाने जावई विचारत होते तुले," मध्येच म्हणाले. "ताई काहून नाही आल्या म्हने. दोनदा विचारलं."

"मग?"

"मग काय? तुही बहीनच बसली त्यायच्याशी बोलत. ओसरीवर. दगडाचंच कायतरी. लय येळ चाललं. मी तर झोपलो."

"बरं झालं," मी म्हणाले.

मी ते मनापासून म्हणाले होते. मीच तर न जाऊन ते घडवलं होतं. ह्यांनी वाणाच्या ताटावरचा रुमाल काढून ते माझ्यापुढं सरकवलं, म्हणाले, खा, तुह्या माहेरचे हायेत. मी एक अनारसा तोडला. पोटात असं दुखत होतं, की तो तुकडा मला गिळवला नाही.